जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर बजेट कशाचं धरायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतलं गाड्यांचं पान मी न चुकता वाचतो. त्यात मधूनमधून जुन्या स्पोर्ट्स कारवर लेख येतात, आणि त्यात दरवेळी एक गोष्ट राहून जाते म्हणून हे पत्र लिहितोय. लेखात हॉर्सपॉवर असते, शून्य ते शंभरला किती सेकंद लागतात ते असतं, फोटो तर एक नंबर असतात, आणि शेवटी हमखास लिहिलेलं असतं की नवी असतानाच्या किमतीच्या कितीतरी कमी पैशात ही आज मिळते. ते खरंच आहे. पण ज्याच्याकडे मोजकेच पैसे आहेत तो नेमकं तेवढंच वाक्य धरून बसतो. गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची उतरत नाही हो. ब्रेक डिस्क, क्लच, वॉटर पंप, शॉक ॲब्सॉर्बर हे सगळं ती गाडी ज्या वर्गातली होती त्याच भावात घ्यावं लागतं, मग तुम्हाला गाडी कितीलाही पडलेली असो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हातात जेवढे पैसे आहेत त्याचे तीन भाग करा, दोन भागात गाडी बघा आणि तिसऱ्याला हात लावू नका. तो पहिल्याच वर्षात लागणार. सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, बेल्ट, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश यातलं काही ना काही आधीच्या मालकाने "पुढच्या वेळी बघू" म्हणून ठेवलेलं असतंच, आणि बऱ्याचदा ती पुढची वेळ आली म्हणूनच गाडी विकायला काढलेली असते.

पोर्शे बॉक्स्टरचंच घ्या. पहिली पिढी १९९६ ते २००४, मधे इंजिन, वरचं छत उघडणारं, चालवायला अफलातून, आणि पोर्शेच्या मानाने किंमत आवाक्यातली, त्यामुळे कमी बजेटवाल्यांची पहिली उडी हिच्यावरच पडते. हिच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे वॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागांपर्यंत इंजिनाचं फिरणं पोचवणाऱ्या दांड्याचं, एक बेअरिंग आहे. ते सगळ्याच गाड्यांत जातं असं नाही, पण ज्या गाडीत जातं तिचं टायमिंग बिघडून आख्खं इंजिन संपतं, आणि मग इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. हे टाळायला काय करायचं ते कठीण नाहीये. बेअरिंग बदललंय का आणि त्याचं बिल आहे का हे आधी विचारायचं. नसेल तर मेकॅनिककडून ऑइल फिल्टर काढून, कापून त्यात धातूचा चुरा दिसतो का ते बघून घ्यायचं. आणि गाडी घेतल्यावर क्लचचं काम निघेल तेव्हा गिअरबॉक्स तसाही खाली उतरणारच असतो, बेअरिंगपर्यंत जायची वाट तीच आहे, तर त्याच वेळी ते बदलून टाकायचं म्हणजे मजुरी दोनदा पडत नाही. एवढं लेखात आलं तर किती जणांचे पैसे वाचतील!

माझदा आरएक्स-८ चं तर याहून जास्त वाईट वाटतं, कारण गाडी खरंच वेगळी आहे. २००३ साली आली, १.३ लिटरचं रोटरी इंजिन, पिस्टनच नाहीत, त्यांच्या जागी तिकोनी रोटर फिरतात. ती रचनेमुळेच थोडं ऑइल जाळते, रोटरच्या टोकाचे सील ओले राहावेत म्हणून कंपनीनेच तशी सोय केलीय, त्यामुळे ऑइलची पातळी सतत बघत राहावी लागते. ते सील झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जातं, गरम इंजिन लवकर स्टार्ट होत नाही, आणि मग इंजिन उघडण्याशिवाय इलाज नाही. साध्या गेजने तिचं कॉम्प्रेशन नीट कळत नाही, रोटरीचं वेगळं टेस्टर लागतं, प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणारं. ती स्वस्त मिळते ती यामुळेच. ज्याच्या जवळपास रोटरी कळणारा माणूस नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं मी अगदी ठामपणे सांगेन, मग ती कितीही आवडलेली असो.

याउलट माझदा एमएक्स-५. १९८९ साली आलेली, पहिलं इंजिन फक्त १.६ लिटर आणि ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर. आकडा बघून लोक नाक मुरडतात. पण गाडी टनभराच्या आत आहे, मागच्या चाकांना पॉवर, गिअर हाताला इतके सुरेख लागतात की वळणाच्या रस्त्यावर साठच्या स्पीडलासुद्धा माणूस खुलतो. मला विचाराल तर स्पोर्ट्स कार यासाठीच घ्यायची. आणि खर्चाच्या बाजूनेही बघा, त्या पहिल्या इंजिनात टायमिंग बेल्ट (वॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या तालात ठेवणारा पट्टा) तुटला तर गाडी जागेवर थांबते पण वॉल्व्ह वाचतात. पोर्शे ९४४ मधे तोच बेल्ट तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळून वॉल्व्ह वाकतात. दोन्ही जुन्या, दोन्ही हौसेच्या, पण एकीचा चुकलेला बेल्ट परवडतो आणि दुसरीचा नाही. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही तर वर्षांवरही बदलायचा असतो, हे तर कितीतरी जणांना माहीतच नसतं. एमएक्स-५ चा शत्रू म्हणजे गंज. छताचं पाणी वाहून जायच्या नळ्या कचऱ्याने तुंबतात, पाणी दाराखालच्या पत्र्यात साचतं आणि पत्रा आतून खात जातो, वरून रंग मात्र चकाचक. इंजिनाचं काम होतं, सडलेल्या पत्र्याचं काम संपत नाही.

बघायला जाताना गाडी थंड हवी. आधीच सांगून ठेवायचं की स्टार्ट करू नका, आणि गेल्यावर बोनेटला हात लावून बघायचा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, कारण थंड इंजिनच खरं बोलतं, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, थांबतच नसलेला पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत जातंय. गाडी थंड असताना दुसरा गिअर खरखरतो का बघा. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांपुढे छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१५ असेल तर टायर २०१५ च्या २३ व्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही नवी दिसू दे. चार चाकांना चार कंपन्यांचे स्वस्तातले टायर असतील तर त्या मालकाने न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल याचा अंदाज येतोच. स्कॅनर लावला आणि एकही एरर नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, कालच एरर पुसले असतील तर रेडिनेसच्या टेस्ट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या, अपूर्ण दिसतात, तेही बघायला सांगा. आणि लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊच नका. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मधे मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट, जिथे बसतो तिथे बॉडीचा पत्राच तडकतो, ते उभ्याने कधीच दिसणार नाही.

कमी किलोमीटरचाही लोकांना फार मोह. वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे सुकलेले सील, शिळं पेट्रोल, अडकलेले ब्रेक. त्यापेक्षा जास्त चाललेली पण बिलांची जाड फाइल असलेली गाडी मी डोळे झाकून आधी बघायला जाईन. रंग नावडता असला तरी चालेल, इंजिन लहानातलं असलं तरी चालेल. फेरफार केलेल्या गाड्या शक्यतो नकोतच. इन्शुरन्सचा आकडा व्यवहाराच्या आधी विचारून घ्या.

तुम्हाला विनंती एवढीच की यापुढे अशा गाडीवर लेख छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या. त्या मॉडेलचे ठरलेले आजार कोणते, ते कसे ओळखायचे, कोणतं मोठं काम किती वर्षांनी निघतं, आणि पार्ट सहज मिळतात का मागवावे लागतात. जमलं तर ती चौकट नुसती एक दिवस चालवून बघणाऱ्याकडून नको, ज्याने ती गाडी चार-पाच वर्षं सांभाळलीय आणि जो मेकॅनिक तिच्याखाली झोपलाय अशा दोघांना विचारून लिहा. सुरुवात बॉक्स्टरपासून केलीत तर फार बरं होईल, कारण सध्या जो तो तिच्याबद्दलच विचारतोय.

आपला,
एक नियमित वाचक