रंगाचं नाव नको, नंबर सांग

प्रिय ताई,

तुम्ही ऑफिस सोडलंत त्याला आता दोन वर्षं होत आली. निरोपाच्या दिवशी केक, भाषणं आणि फोटोंच्या गडबडीत मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर बोलायला गेलो की घसा दाटतो, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे डोळे असलेलं कुणीतरी आत्ता या क्षणी टर्मिनलसमोर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या खिडकीसमोर, बसून स्वतःलाच दोष देत असेल. त्यालाही तुम्ही काय केलंत ते कळायला हवं.

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बारावीनंतर एका भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे मला दिसेनात, तेव्हा घरच्यांना कळलं. तोवर कच्चा टोमॅटो आणि पिकलेला टोमॅटो मी दाबून ओळखायचो आणि सगळेच तसं करतात असं समजायचो. तेव्हापासून एक प्रश्न पाठीशी लागला तो लागलाच: "मग हा कुठला रंग दिसतो तुला?" कुणी शर्ट पुढे करतं, कुणी पेन. उत्तर चुकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पाठ झालंय. म्हणून ऑफिसात मी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

मग तो टाइमआउटचा प्रकार झाला. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये, साधा डिफ (जुन्या-नव्यातला फरक) पाहिला की ओळीच्या सुरुवातीला अधिक-उणे चिन्हं असतात, त्यामुळे माझं निभावायचं. पण त्या दिवशी मी 'कलर-वर्ड्स' पर्याय लावून बसलो होतो. त्यात चिन्हं नसतात. काढलेला शब्द लाल, घातलेला हिरवा, दोन्ही एकाला एक चिकटून. कुणीतरी टाइमआउट, म्हणजे वाट पाहायची मर्यादा, ३० वरून ३०० केला होता. माझ्या पडद्यावर सरळ ३०३०० दिसत होतं. मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "इतका मोठा आकडा कशासाठी?" मीटिंगमध्ये हशा पिकला. तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी सातच्या सुमारास खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि हळूच म्हणालात, "तुझ्या टर्मिनलमध्ये जरा बघू दे."

मी तेव्हा नुकताच आयथ्री या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामवर आलो होतो. मोठ्या हौसेने आलो होतो. माऊसला हात न लावता काम करायचं, खिडक्या एकमेकींवर चढणार नाहीत, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसतील, हे मला फार आवडलं होतं. पण पूर्ण डेस्कटॉप सोडला की रंग बदलायचं सेटिंग्जचं पानही मागेच राहतं. जे काही करायचं ते फाईल उघडून हाताने. मी यूआरएक्सव्हीटी हे टर्मिनल वापरत होतो आणि त्याचे रंग जिथे लिहायचे त्या एक्सरिसोर्सेस फाईलमध्ये कुठूनतरी उचललेली एक नावाजलेली थीम चिकटवली होती. त्या थीमचं कौतुक असं की तिचे सगळे रंग जवळपास सारख्याच उजळपणाचे, त्यामुळे डोळ्यांना त्रास नाही. इतरांसाठी ते खरंही असेल. पण मी रंग ओळखायचो तो बहुतेक उजळपणावरूनच. माझा तो शेवटचा आधारही तिथे गेला होता, आणि हे तुम्ही दाखवेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुम्ही एक छोटा फॉर-लूप लिहिलात. पडद्यावर आठ पट्ट्या आल्या, प्रत्येकीवर फक्त आकडा, ० ते ७. मग बॅगेतून चौकटीची वही काढलीत आणि म्हणालात, "रंगाचं नाव नको, नंबर सांग. कुठले दोन सारखे दिसतात?"

ताई, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. याचं उत्तर मला देता येत होतं. "१, २ आणि ३ एकाच मातकट रंगाचे. ५ आणि ६ राखाडीकडे झुकलेले. ४ एकदम वेगळा." तुम्ही पेन्सिलीने आकड्यांना गोल करत गेलात, सारख्यांना रेघेने जोडलंत. पानावर माझे डोळे उमटत होते.

मग तुम्ही सांगितलंत ते अजून जसंच्या तसं आठवतं. "प्रोग्राम रंग पाठवत नाही रे. नंबर पाठवतो." गिट जेव्हा हिरवं म्हणतं तेव्हा ते एस्केप, चौकटी कंस, ३२ आणि एम एवढंच पाठवतं. ३० ते ३७ म्हणजे पहिले आठ कप्पे, ९० ते ९७ म्हणजे पुढचे आठ. दोन नंबरच्या कप्प्यात काय भरायचं ते टर्मिनल ठरवतं, म्हणजे आपण ठरवतो. तिथे आकाशी भरला तर गिटचा 'हिरवा' आकाशी होतो, टेस्टचा 'हिरवा' आकाशी होतो, सगळ्यांचाच होतो. एका ओळीत.

रंग तुम्ही मनाने काढले नाहीत. मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी संशोधकांनी आमच्यासारख्यांना वेगळे ओळखता येतील असे आठ रंग ठरवले आहेत, त्यातलेच घेतलेत. एक नंबरला नारिंगी: लाल २३०, हिरवा १५९, निळा ०. दोन नंबरला आकाशी: ८६, १८०, २३३. तीनला पिवळा ठेवलात, पण नारिंगीपेक्षा चांगला उजळ. मग चारचा निळा आणि दोनचा आकाशी जवळ यायला लागले तेव्हा मी अडून बसलो, आठही वेगळे हवेत म्हणून. त्यावर तुम्ही म्हणालात की आठही वेगळे दिसायची गरज नाही, जे एकमेकांच्या शेजारी येतात ते वेगळे दिसले की झालं. डिफमध्ये १ आणि २ शेजारी येतात, ४ बहुतेक फोल्डरच्या नावांना लागतो. चार नंबर थोडा गडद केलात आणि विषय संपवलात. आजही कुठली रंगसंगती बघताना मी आधी हेच बघतो की कोण कोणाशेजारी बसणार आहे.

आणि ते शेजारी-शेजारीचं प्रात्यक्षिक! उघडी असलेली यूआरएक्सव्हीटीची खिडकी नवे रंग घेत नाही, कारण ती सुरू होतानाच रंग वाचून मोकळी झालेली असते. मी वैतागलो. तुम्ही मात्र खूश झालात. जुनी तशीच डावीकडे ठेवलीत, मॉड-एंटर दाबून उजवीकडे नवी उघडलीत, दोन्हींत तोच डिफ चालवला. डावीकडे ३०३००. उजवीकडे नारिंगी ३०, त्याला लागून आकाशी ३००. मी काही बोललो नाही, तुम्हीही नाही. मी पाणी प्यायला म्हणून उठलो होतो, पण मला पाणी प्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर सगळे रंग गेलेले. तेव्हाही तुम्हालाच विचारलं. स्वतःची एक्सइनिट ही सुरुवातीच्या आज्ञांची फाईल लिहून स्टार्टएक्स या आज्ञेने आयथ्री सुरू केलं की एक्सरिसोर्सेस कुणी आपणहून वाचत नाही. ती वाचायला लावणारी एक्सआरडीबीची ओळ आपणच घालायची, तीही आयथ्री सुरू करणाऱ्या एक्झेक ओळीच्या वर, कारण त्याच्या खालचं तिथवर पोचतच नाही. शिवाय एक्सरिसोर्सेसमध्ये मी सवयीने टिपणं हॅशने (#) लिहिली होती. ती फाईल सी-प्रीप्रोसेसर या मजकूर आधी चाळणाऱ्या प्रोग्राममधून जाते, हॅश म्हणजे त्याला आज्ञा वाटते, टिपणाला उद्गारचिन्ह लागतं. हे सांगताना एकदाही "एवढं माहीत नाही?" असा सूर नव्हता तुमचा. आयथ्रीच्या खिडक्यांच्या कडाही मग त्याच फाईलमधून रंग घ्यायला लागल्या. आधी मी चालू खिडकीला हिरवी आणि लक्ष वेधणाऱ्या खिडकीला लाल कड दिली होती, म्हणजे माझ्यासाठी दोन्हींना एकच.

एक एडिटर मात्र ऐकेना. तो कप्प्यांचे नंबर न पाठवता थेट आपला रंग पाठवत होता, तिथे आपल्या सोळा कप्प्यांचं काही चालत नाही. त्याला सोळातच राहा म्हणून सांगावं लागलं. थोडा साधा दिसतो आता. मला वाचता येतो.

त्यानंतर मी टीममध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी काही विशेष मानलं नाही. एकाने विचारलं, "मग आलेखात कुठले रंग वापरू?" आणि मी त्याला तोच आठ रंगांचा संच पाठवला. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट, ताई, आणि ती अशी साध्या कामाच्या बोलण्यात बाहेर आली. हे तुमच्यामुळे झालं. तुमचे मनापासून आभार. आईही तुमची आठवण काढते. तिला टर्मिनल म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण तुम्ही मला काय विचारलंत ते मी तिला सांगितलंय.

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला आणि स्वे या आयथ्रीसारख्याच प्रोग्रामवर आलो. टर्मिनलही नवं, फूट नावाचं. ते एक्सरिसोर्सेस वाचत नाही, त्याची फाईल वेगळी, लिहायची पद्धत वेगळी. पण कप्पे तेच, ० ते ७. एक ते चार मला पाठ होते, पाच आणि सहाला आपण शेवटी काय ठरवलं होतं ते आठवत नाहीये, आणि जुनी डिस्क गेली. वहीचं ते पान तुमच्याकडे अजून असेल तर एक फोटो पाठवाल का? रेघांसकट हवाय.

तुमचा,
खिडकीशेजारच्या टेबलावरचा