काउंटरवरच्या पोराला शिकवा, त्याचा बोनस बदला

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

कृषी सेवा केंद्राच्या तपासणीत उगम प्रमाणपत्र, साठा नोंदवही, भावफलक सगळे पाहिले जाते. शेतकऱ्याच्या हातात कीटकनाशकाची बाटली कोण देतो, हे मात्र पाहिले जात नाही. परवान्यासाठीची शिक्षणाची अट मालक किंवा नेमलेला पदवीधर पुरी करतो. ‘देसी’ ही विक्रेत्यांसाठीची ४८ आठवड्यांची पदविकाही बहुधा मालकच करतो. ऑगस्टच्या गर्दीत काउंटरवर असतो तो हंगामापुरता ठेवलेला पोरगा.

शेतकरी खिशातून डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळीमुळे नीट न उमललेले कपाशीचे फूल, काढून दाखवतो. तेव्हा पहिला प्रश्न हवा: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग किती? हेक्टरी ५ सापळे लावायचे आणि सलग ३ दिवस दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारायचे, हा गुलाबी बोंडअळीचा निकष. सापळ्यातली गंधाची गोळी (ल्युअर) जुनी झाली तर पतंग येतच नाहीत आणि रिकामा सापळा पाहून शेतकरी निर्धास्त राहतो, हेही तिथेच सांगायला हवे. पोरगा यातले काही विचारत नाही. दोन-तीन बाटल्या एकत्र करून देतो, कारण त्याचा बोनस पेट्यांवर ठरतो आणि मालकाला कंपनीची स्कीम गाठायची असते. त्या पोराला दोष देऊन काय उपयोग?

केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिच्या मदतीने मे महिन्यात, पेरणीआधी, काउंटरवरच्या माणसांना २ दिवस शिकवा आणि तपासणी पत्रकात त्यांच्या नावाचा रकाना घाला. बिलावर पीक, कीड आणि पंपामागची मात्रा लिहिणे सक्तीचे करा. साधा पंप की पॉवर स्प्रे, हे विचारूनच मात्रा लिहावी. दोन्हींना एकरी पाणी सारखे लागत नाही, आणि औषध कमी पडले की शेतकरी अंदाजाने वाढवतो. बोनस पेट्यांऐवजी अशा पुऱ्या भरलेल्या बिलांवर द्यावा, असे मालकांना बजावा.

लाल त्रिकोणाची, म्हणजे सर्वांत विषारी गटातली, बाटली मागणाऱ्याकडे हातमोजे-मास्क नसेल, तर विक्री थांबवण्याचा अधिकार त्या पोराला हवा, आणि गिऱ्हाईक तुटले तरी मालक त्याच्या पाठीशी उभा राहायला हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर जीव गेले, साहेब.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. तेव्हाच आदेश निघाला, तर मेपर्यंत तयारीला पुरेसा वेळ मिळेल.

आपले,
कृषी निविष्ठा व्यवसायातले काही जण, नागपूर