घाट सायकल स्पर्धा: चुकीच्या जागी ठेवलेली बॅग आणि चुकीचा निकाल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
स्पर्धा आयोजक कंपनी

विषय: सेवेतील त्रुटी, निकालात दुरुस्ती आणि शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

छत्रपती संभाजीनगर ते कन्नडचा औट्रम घाट आणि परत, या तुमच्या सायकल स्पर्धेसाठी मी २,८०० रुपये भरले होते. बॅग आणि निकालाबद्दलच्या माझ्या पहिल्या ई-मेलवर "पाऊस आयोजकांच्या हातात नसतो" एवढेच उत्तर आले. मान्य आहे. पावसाबद्दल मी चकार शब्द काढलेला नव्हता. श्रावणात कन्नडला लख्ख ऊन असते आणि घाटमाथ्यावर गेले की खानदेशाकडून वर चढणाऱ्या ढगांत समोरचे वळणसुद्धा दिसत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक होते. म्हणूनच तर माहितीपत्रकात "जाकीट, हातमोजे व कोरडे कपडे असलेली बॅग घाटमाथ्यावर मिळेल" असे ठळक अक्षरांत छापले होते.

बॅग घाटमाथ्यावर नव्हती. टेम्पो सरळ घाट उतरून पायथ्याच्या वळण-बिंदूवर, म्हणजे जिथून मागे फिरून पुन्हा घाट चढायचा होता तिथे, जाऊन उभा राहिला होता. तेथील स्वयंसेवकाचे म्हणणे, "बॅग मिळाली ना, मग झालं तर!" चढताना अंगातून वाफा निघत असतात, तेव्हा जाकीट ओझे होते. उतरताना पाय फिरत नाहीत, अंग तापत नाही, आणि भिजलेल्या जर्सीवर ताशी चाळीसच्या वेगाचा वारा लागतो. बोटे बधिर झाली की ब्रेकची मूठ दाबली जातेय की नाही तेच कळत नाही. माझ्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर (रिमवर) रबर दाबून थांबवणारे. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसते, मग पकड घेते, आणि तोवर वळण आलेले असते. ज्याने आयुष्यात एकदा तरी पावसात घाट उतरला आहे, तो ती बॅग पायथ्याशी ठेवणार नाही.

आता दुसरी बाब, जी मला जास्त खुपते. धुके दाटल्यामुळे तुमच्या माणसांनी आम्हाला घाटमाथ्यावर थांबवले. निर्णय योग्यच होता, त्याबद्दल आभारही मानले होते. पण जवळपास ४० मिनिटे आम्ही वाऱ्यात कुडकुडत उभे होतो. आडोसा नाही, गरम काही नाही, आणि बॅगा खाली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवाल्या काकांनी युरियाच्या रिकाम्या गोण्या काढल्या, त्यांच्या खोळी करून आमच्या डोक्यावर घातल्या आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्या दिवशी मला मिळालेली सर्वांत चांगली सेवा हीच, आणि तिचे शुल्क शून्य.

एवढे थांबवून तुम्ही वेळमर्यादा मात्र तीच ठेवली. परत येताना शेवटच्या तपासणी नाक्यावर मला "वेळ संपली" म्हणून सांगण्यात आले आणि निकालात माझ्या नावापुढे "अपूर्ण" आले. तुमच्याच माणसांनी, तुमच्याच आदेशाने अडवलेला वेळ तुम्ही माझ्या खात्यात कसा टाकता? माझ्या सायकल कॉम्प्युटरची नोंद सोबत जोडली आहे. वेग शून्यावर आलेली जागा त्यात स्पष्ट दिसते. माझ्या मागे थांबलेल्या इतरांनाही हाच न्याय लागू होतो.

जाता जाता तारखेबद्दल. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला संभाजीनगरहून लोक रात्रभर चालत जातात. पहाटे त्याच रस्त्यावर तुम्ही सायकली सोडल्या. चालणाऱ्यांनी वाट करून दिली, हा त्यांचा चांगुलपणा. स्थानिक माणसाला एकदा विचारले असते तर तारीख बदलता आली असती.

माझ्या मागण्या अशा: थांबवलेला वेळ वजा करून निकाल दुरुस्त करावा आणि तो माझ्यासकट घाटमाथ्यावर अडवलेल्या सर्वांना लागू करावा. जाहीर केलेली सोय न दिल्याबद्दल शुल्क परत करावे. "आयोजक कशालाही जबाबदार नाहीत" या नोंदणी अर्जातील ओळीचा आधार पुन्हा घेऊ नये. ती ओळ निसर्गाच्या लहरीसाठी असेल, टेम्पोच्या चालकाला चुकीचा पत्ता देण्यासाठी नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणजे माझे आणखी काही जाणार नाही.

आणि हो, माझी बॅग पायथ्यावरून अजून परत आलेली नाही. निळ्या रंगाची आहे, आत जाकीट आणि हातमोजे आहेत. कुरियरने पाठवावी, खर्च तुमचा.

आपला,
एक सहभागी सायकलस्वार
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर

सोबत: शुल्काची पावती, माहितीपत्रकाची प्रत, सायकल कॉम्प्युटरची नोंद