तक्रार पत्र : १९४९ ब्यूक सुपर कन्व्हर्टिबलच्या चासीचा तोडलेला एक्स आणि इतर दोषांबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व कार्यशाळा विभाग

प्रेषक : गाडीमालक, टिळकवाडी, बेळगाव

विषय : गाडीची पुनर्बांधणी करताना न विचारता चासी कापणे, मागील धुरा, ब्रेक व टपाची यंत्रणा चुकीची बसवणे, दुरुस्ती, जुने भाग परत मिळणे व रक्कम परतावा.

स.न.वि.वि.

आपल्या कार्यशाळेतून फेब्रुवारीअखेर ताब्यात मिळालेली १९४९ ची ब्यूक सुपर कन्व्हर्टिबल आज रस्त्यावर नेण्याच्या लायकीची नाही. रंग, क्रोम, चामड्याच्या बैठका, बॉनेटच्या कडेची त्या वर्षीच आलेली तीन-तीन गोल भोके, हे सगळे देखणे झाले आहे आणि तसे इथे मोकळेपणाने लिहितो. तक्रार गालिच्याखालच्या कामाची आहे. त्यातली पहिली बाब इतकी गंभीर आहे की बाकीच्या नसत्या तरी हे पत्र लिहावेच लागले असते.

कामाच्या मंजूर यादीच्या पहिल्याच ओळीत असे ठरले होते : चासी, बॉडी आणि मूळ आठ सिलिंडरचे सरळ रांगेतले इंजिन यांना धक्का न लावता, फक्त बोल्टने बसतील असेच बदल करायचे. त्यामागचे कारणही आपल्याला माहीत होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते. पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. प्रत्यक्षात पाच गिअरची नवी पेटी मावत नाही म्हणून आपल्या फिटरने चासीच्या मधल्या एक्सचे (इंग्रजी X च्या आकाराच्या पोलादी जोडाचे) दोन्ही वरचे पट्टे गॅस कटरने कापले. खाली एक सपाट पट्टी वेल्ड करून त्यावर पेटी टेकवली आणि वर काळा अंडरकोट मारला. हा कट बिलात नाही, फोटोंत नाही, गाडी देतानाच्या बोलण्यातही नाही. अंडरकोट खरवडला तेव्हा तो दिसला.

उघड्या गाडीत एक्स म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना सांगावे लागू नये. बंद गाडीत छप्पर आणि खांब बॉडीला डब्यासारखे घट्ट धरतात. कन्व्हर्टिबलला पक्के छप्परच नसते, फक्त घडीचा कापडी टप असतो, म्हणून कारखान्याने तिच्या चासीत मध्यभागी जाड एक्स घातलेला असतो. गाडी पिळवटू नये आणि मधून वाकू नये यासाठीची ताकद त्यातच असते. तो कापला की गाडी मधोमध बसते, दाराच्या चौकटीचा वरचा भाग आवळतो आणि खालचा फाकतो. इथे नेमके तेच झाले आहे. गाडी देताना आपल्याच मोजणीपत्रकात उजव्या दाराच्या मागच्या कडेची फट वर-खाली सारखी ५ मिमी लिहिली आहे. आता ती वर ३ मिमी आणि खाली ८ मिमी आहे. पुढच्या चाकामागे जॅक लावून एक बाजू उचलली की ते दार कुलपाच्या खुंटीवर घासते आणि खांद्याने रेटल्याशिवाय लागत नाही. काचेची चौकट मागे कलल्यामुळे टपाच्या पुढच्या पट्टीचे दोन पिन आपापल्या भोकांच्या ६ मिमी पुढे येतात. टप जोर लावून ओढून बसवावा लागतो, आणि तसा बसवला तरी पहिल्याच वळवात दोन्ही कोपऱ्यांतून पाणी थेट पुढच्या बैठकीवर आले. बिजागऱ्या आवळून किंवा टपाचे कापड ताणून हे सुटणार नाही. आपल्या माणसाने फोनवर सुचवलेला ‘दाराची बिजागरी दोन सूत उचला’ हा उपाय आम्ही करणार नाही, कारण त्याने दोष झाकला जाईल आणि चासी बसतच राहील.

दुसरी बाब याच पेटीतून निघाली आहे. या ब्यूकला मागे पाटे नाहीत, गोल स्प्रिंगा आहेत. पाटे गाडीचे वजनही घेतात आणि धुरा जागेवरही धरतात. गोल स्प्रिंग फक्त वजन घेते. म्हणून मूळ रचनेत प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत, म्हणजे टॉर्क ट्यूबमध्ये, बंद असतो. ती नळी डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या) हाऊसिंगला पक्की आणि पुढे गिअरपेटीच्या मागच्या गोळ्यात बसलेली असते. चाकांचा सगळा रेटा आणि धुऱ्याची स्वतःभोवती फिरण्याची ओढ तीच घेते. धुरा आडवा सरकू नये म्हणून वेगळी आडवी दांडी असते. आपण नळी काढून उघडा शाफ्ट टाकला आणि तिच्या जागी धुऱ्याला फक्त दोन खालचे हात दिले. या हातांमुळे धुरा पुढे-मागे जात नाही हे खरे, पण त्याला फिरण्यापासून अडवणारे वर काहीच नाही. अॅक्सिलरेटर दाबला की पिनियनचे (डिफरन्शियलच्या ज्या दांड्याला शाफ्ट जोडतो त्याचे) तोंड वर उचलते आणि पाय काढला की खाली पडते.

कोनमापक लावून पाहिले तेव्हा उभ्या गाडीत गिअरपेटीकडचा आणि पिनियनकडचा कोन एकमेकांच्या अर्ध्या अंशात आहेत, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण पुढच्या चाकांपुढे अडसर लावून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून ताण दिला की पिनियन ५ अंशांहून जास्त उचलतो. शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसचे (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे नसले की एका फेऱ्यात दोनदा धक्का येतो. तीच थरथर ताशी ५० च्या पुढे पायाखाली येते. शाफ्ट पुन्हा बॅलन्स करून पाठवण्याचा आपला प्रस्ताव म्हणूनच निरुपयोगी आहे. शाफ्ट सरळ आहे, तो कशाला टांगला आहे ते चुकले आहे. मागच्या क्रॉसच्या एका कपातली सुई-बेअरिंग आताच गंजाच्या लाल भुकटीने भरली आहे.

यावर दोन मार्ग निघतात. वरचे दोन हात देऊन चार हातांची जोडणी पुरी करायची, तर त्यासाठी चासीवर आणखी वेल्डिंग येते. दुसरा मार्ग म्हणजे मूळ तीन गिअरची पेटी आणि टॉर्क ट्यूब परत बसवणे. आमचा आग्रह दुसऱ्यासाठी आहे. हायवेवर इंजिन थोडे जास्त फिरेल, ते आम्हाला मान्य आहे. पण त्यासाठी काढलेली पेटी, नळी, पुढचा गोळा आणि त्याच्या वाट्या लागतील, आणि त्या आपण अजून परत केलेल्या नाहीत. बदललेले भाग ग्राहकाचे असतात. त्यांतला एकही भंगारात गेला असेल तर तो कोणता, हे लेखी कळवावे.

ब्रेकबाबत लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. पुढे डिस्क आणि दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडमध्ये नेणारा) ही सुधारणा योग्यच आहे. पावणेदोन टनांवरच्या गाडीला एकाच लाइनचे ड्रम पुरत नाहीत. पण मास्टर सिलिंडर फरशीखाली असल्याने लाइनमध्ये उरलेला दाब धरणारे व्हॉल्व्ह लागतात : ड्रमसाठी सुमारे १० पीएसआय (दाबाचे एकक), डिस्कसाठी सुमारे २. आपल्याकडून पुढच्या लाइनलाही १० चाच लागला आहे. त्यामुळे पॅड डिस्कला कायम टेकलेले राहतात. जांबोटीच्या रस्त्याने पंधरा किलोमीटर गेल्यावर पुढची चाके हात लावू देत नाहीत, आणि कणकुंबीपुढे चोर्ला घाटाच्या उतारावर पेडल तळाला गेले. फ्लुइड उकळले होते. डॉट ३ प्रतीचे ब्रेक फ्लुइड कोरडे असताना २०५ अंशांना उकळते आणि पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. भरलेले डॉट ३ आहे.

दोष व्हॉल्व्हचाच आहे, याची तपासणी अशी केली : चाक गरम व घट्ट असताना उचलून कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) निपल सोडला, तर फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच हाताने फिरले. म्हणजे पिस्टन अडकलेला नाही. पुन्हा पेडल मारून घट्ट केले आणि व्हॉल्व्हच्या अलीकडे, मास्टर सिलिंडरचा नट सैल केला. चाक घट्टच राहिले. म्हणजे पुशरॉड (पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी) लांब असल्याचाही दोष नाही. २ पीएसआयचा व्हॉल्व्ह, नवीन डॉट ४ आणि तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले पुढचे पॅड बदलून मिळावेत.

टप आणि काचा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा हा या गाडीचा खास भाग, आणि तिथेच सर्वांत निष्काळजी काम झाले आहे. कारखान्याने ती ब्रेक फ्लुइडवर चालवली होती. ते पाणी धरते, रंग खाते, म्हणून त्याऐवजी एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरपेटीचे तेल) भरणे चांगलेच. पण त्याआधी प्रत्येक सिलिंडरचा कप आणि प्रत्येक होज तेलाला टिकणाऱ्या रबराची हवी. बिलात ‘सर्व सील नवे’ लिहिले आहे. उजव्या दारातला सिलिंडर उघडला तेव्हा कप नवा होता हे खरे, पण तो ब्रेक फ्लुइडसाठीच्या रबराचा. तेलाने तो फुगून जेलीसारखा लिबलिबीत झाला होता, ओठ दुमडला होता आणि बोटांना काळा रंग लागत होता. काच वर नेते हायड्रॉलिक, खाली आणते ती फक्त स्प्रिंग; फुगलेला कप स्प्रिंगला ओढवत नाही, म्हणून काच वरच अडकते. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरची कामे होतात, तिथे नायट्राइलचे (तेलाला टिकणाऱ्या रबराचे) कप माप देऊन करून मिळतात. ते काम इथे आम्ही करून घेऊ. खर्च आपण द्यावा. तेलाने डागलेले दोन्ही दारांचे आतले पॅनेल मात्र आपणच बदलून द्यावेत.

याच पंपाची मोटर ६ व्होल्टची ठेवून १२ व्होल्टच्या लाइनवर रेझिस्टर लावून चालवली आहे. रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतील हे करंटवर ठरते. टप अडकला की मोटर जास्त करंट ओढते आणि नेमकी तेव्हाच तिला व्होल्ट कमी मिळतात. ती तापून वास येऊ लागला आहे. १२ व्होल्टची मोटर आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा झडपेचा/स्विचचा भाग) द्यावेत. स्टार्टर ६ चाच ठेवला आहे, त्याला हरकत नाही. तो दोन सेकंदांत काम उरकतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. दारांखालच्या पत्र्यातली पाणी जाण्याची भोके अंडरकोटने बुजली आहेत. खानापूर भागातल्या पावसात ही गाडी एका हंगामात आतून सडेल, म्हणून ती आम्ही तारेने मोकळी केली आहेत. आणि पेट्रोल होज जुन्या रबराची आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी द्यावी.

आता मागणी. गाडी चालवत नेता येणार नाही. आपण सपाट ट्रेलर पाठवावा आणि पावसात ती पूर्ण झाकून न्यावी. एक्स मूळ जाडीच्या पत्र्याने, मूळ मापाने परत जोडावा. त्याआधी चासी चारही टोकांना टेकू देऊन, दाराच्या फटी वर-खाली सारख्या होईपर्यंत मधला भाग उचलून धरावा. बसलेल्या अवस्थेत वेल्ड केली तर ती वाकडीच कायम होईल. वेल्डचे टाके छोटे आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंना घ्यावेत, एका दमात ओढलेला टाका चासी खेचतो. रंग लावण्यापूर्वी उघड्या वेल्डचे फोटो आणि दोन्ही कर्णांची मापे पाठवावीत. ती आम्ही मान्य केल्यावरच अंडरकोट करावा. पाच गिअरची पेटी, शाफ्ट आणि हात यांची पूर्ण रक्कम परत मिळावी. चासी कापली होती आणि पूर्ववत केली, असे सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. नोंदणीच्या वेळी आम्ही काहीही लपवणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि ट्रेलरची तारीख न कळवल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे आपली कार्यशाळा महाराष्ट्रात असल्याने फरक पडत नाही. सोबत कापलेल्या एक्सचे, फटींच्या मोजणीचे आणि फुगलेल्या कपाचे फोटो जोडले आहेत. कप स्वतः जपून ठेवला आहे, आपला माणूस आला की दाखवू.

आपला,
गाडीमालक
टिळकवाडी, बेळगाव