हवामान बदल: सापशिडीपेक्षा चिंचोके बरे

मा. संपादक, स.न.वि.वि.

पर्यावरण दिन सुट्टीत येतो, त्याची भरपाई शाळा उघडल्यावर होते. हल्ली त्यात हवामान बदलाची सापशिडी हमखास असते: झाड लावले की शिडी, प्लास्टिक जाळले की साप. पण इथे झाड मूल लावत नाही, फासा लावतो. घरी जाताना लक्षात राहतो तो 98वरचा साप.

त्यापेक्षा झाकणाचा डबा आणि शंभरेक चिंचोके घ्या. आंध्र प्रदेशातल्या गावांत भूजलाचा असा खेळ शेतकऱ्यांबरोबर खेळला गेला आहे; हा त्याच धर्तीवरचा. डबा म्हणजे पाच जणांची सामाईक विहीर, सुरुवातीला 50 चिंचोके. दरवर्षी प्रत्येकाने चिठ्ठीवर गुपचूप ‘ऊस’ किंवा ‘ज्वारी’ लिहायचे. उसाला 3 चिंचोके, मिळकत 5. ज्वारीला 1, मिळकत 2. वर्षअखेर पावसाचे 5 चिंचोके डब्यात. डाव 10 वर्षांचा. पाणी पुरले नाही तर तिथेच बंद. सगळ्यांनी ऊस लावला की पाचव्या वर्षी विहीर आटते, हाती प्रत्येकी 20. सगळ्यांनी ज्वारी धरली तर दहा वर्षांनीही 20च. दरवर्षी दोघांनीच पाळीने ऊस घेतला तर प्रत्येकी 32, वर डब्यात 10 शिल्लक. हे गणित आधी सांगू नका. मुलांना आपापसांत बोलू द्या.

दोघांच्या पाळीचा हा करार जमला की हवामान बदला. आता फासा, पण फक्त पावसासाठी. 1-2 पडले तर कोरडे वर्ष. 3-4ला 5 चिंचोके. 5-6ला 10, पण त्यातले 5च डब्यात जातील, बाकीचे ओढ्याने वाहून गेले. सरासरी पाऊस तोच, 5. विहिरीत मात्र साडेतीनही उतरत नाहीत, आणि तोच करार बहुतेक वेळा दहा वर्षे टिकत नाही. ‘पाऊस तेवढाच, मग पाणी गेले कुठे?’ हा प्रश्न मुलांकडून यायला हवा.

बिघडते ते असे. चिठ्ठीऐवजी तोंडी विचारले की शेवटचा आधीच्यांचे ऐकून ठरवतो. सर्वाधिक कमावणाऱ्याला बक्षीस ठेवले की सगळे ऊसच लावतात. ‘पाणी जपा’ने सुरुवात केली तर मुले सरांना आवडेल तेच लिहितात. उसाला खलनायकही करू नका. कारखाना तो एफआरपीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराने उचलतो, ज्वारीला तसा हक्काचा गिऱ्हाईक कुठे आहे? आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाऊस मोजून ग्रामसभेत पिके ठरतात, हे खेळानंतर सांगितले तर कान टवकारतात, आधी सांगितले तर जांभया येतात.

दोन्ही डाव आणि त्यावरची चर्चा एका तासिकेत मावत नाही. जोडतासिका घ्या आणि चर्चेला किमान 20 मिनिटे राखून ठेवा.

— काही शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा