हिरड्यांच्या ऑपरेशननंतर दात सणकतात, हे पेशंटला आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या आईची उन्हाळ्यात हिरड्यांची फ्लॅप सर्जरी झाली, म्हणजे हिरडी थोडी उघडून आतली मुळं साफ करतात आणि टाके घालतात ते ऑपरेशन. पायरिया फार वाढला होता, दात हलायला लागले होते, त्यामुळे ऑपरेशन गरजेचंच होतं आणि डॉक्टरांनी ते नीट केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टाके निघाल्यावर पुढे काय होणार हे कोणी धड सांगितलंच नाही. माठातलं पाणी तोंडात घेतलं की सणक थेट कानापर्यंत जायची, पदर गालावर दाबून ती डोळे मिटून बसायची. तिला वाटलं ऑपरेशन बिघडलं. मग त्या बाजूला ब्रश लावणं बंद, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून मशेरी चालू! असं बऱ्याच घरांत होत असणार म्हणून हे पत्र.

खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. सूज उतरली की हिरडी आक्रसते आणि इतके दिवस झाकलेलं दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, नसतंच, सिमेंटमचा पातळ थर असतो, कीटण काढताना तोही थोडा खरवडला जातो. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या मुख्य भागात, हजारो बारीक नळ्या असतात, त्यात द्रव असतो, गार, गोड, आंबट किंवा नुसती हवा लागली तरी तो हलतो आणि आतल्या नसेपर्यंत कळ जाते. स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे मांडलं आणि आजही डेंटिस्ट बहुतेक हेच धरून चालतात.

हा त्रास सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो, नंतर बहुतेकांचा हळूहळू कमी होतो, पण मुळं स्वच्छ राहिली तरच. दुखतं म्हणून ब्रश सोडला की तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो, प्लाकमुळे सणक आणखी वाढते, वर ज्या पायरियासाठी एवढं ऑपरेशन केलं तोच परत येतो. जखम भरेपर्यंत डॉक्टर क्लोरहेक्सिडीनचा जंतुनाशक माउथवॉश देतात ते ठीक, पण त्यांनी ब्रश करा म्हटलं की मऊ ब्रशने, हलक्या हाताने, कोमट पाणी घेऊन करायचाच.

पेस्ट ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची मिळते, ती नस शांत करते, पण दोन दिवसांत नाही हो, रोज दोनदा लावून दोन ते चार आठवडे थांबावं लागतं आणि लोक तिथेच कंटाळतात. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनवाल्या पेस्ट त्या नळ्यांची तोंडं बुजवतात. पेस्ट थुंकून टाकायची, लगेच खळाखळा चूळ भरायची नाही. लिंबू सरबत, कोकम, चिंचेचं काही घेतलं तर निदान अर्धा तास ब्रश नको. मशेरी, कोळशाची पावडर, मीठ घासणं तर अजिबात नको, उघडं मूळ मऊ असतं, ते झिजतं, आणि मशेरीत तंबाखू असते, तिने हिरड्यांची पुन्हा वाट लागते.

एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टर फ्लोराइड वार्निश लावतात, मुळावर चिकटून बसणारा बाँडिंगचा थर देतात, खाच पडली असेल तर ती भरतात, काही दातांवर तोंडातल्या टाळूचा पातळ तुकडा घेऊन ग्राफ्टही करता येतं, म्हणजे तो लावून उघडं मूळ झाकता येतं. रूट कॅनल अगदी शेवटी. पण गरम लागल्यावर ठणका बराच वेळ राहत असेल, किंवा काही न खाता रात्री आपोआप उठत असेल तर ती साधी सणक नव्हे, ताबडतोब दाखवायला जावं.

आईला हे सगळं दुसऱ्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवून, आरशात तिची मुळं दाखवून समजावलं तेव्हा कुठे तिने ब्रश परत हातात घेतला. त्यांना जेमतेम पाच मिनिटं लागली असतील. डेंटिस्ट मंडळींना कळकळीची विनंती आहे, हे ऑपरेशनच्या आधी सांगा, आणि मराठीत, मोठ्या अक्षरात एक कागद घरी द्या, कारण टाके घातलेल्या तोंडाने पेशंट प्रश्न विचारू शकत नाही.

आपली,
एक वाचक, कराड