टेबलाकडे बघून घेणाऱ्या पंचांना

सर,

गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड्यावर लिहिते आहे. वर्धा रोडच्या मैदानावर, चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात, निळ्या जर्सीच्या बेंचवर घसा फोडून ओरडणारी बाई आठवत असेल तर ती मी.

मी गणिताची शिक्षिका. उभं आयुष्य खो-खो खेळले. शाळेतले पीटीचे सर सोडून गेले आणि बास्केटबॉलची टीम माझ्या गळ्यात पडली. नियम शिकले मोबाईलवर अमेरिकेतले सामने बघून. तिथे खेळाडूसुद्धा बॉल हातात धरून थेट पंचाकडे टाइमआउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवायला, मागतो. आपल्याकडे फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमाने तो कोचनेच मागायचा, तोही टेबलावर गुण लिहिणाऱ्या स्कोअररकडे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

याआधीच्या स्पर्धेत मी अशीच पंचांकडे बघून ओरडले. त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. पुन्हा ओरडले तर, "मॅडम, बसा. टीव्ही बघून आल्या काय?" तिसऱ्यांदा टेक्निकल फाउल, म्हणजे वागणुकीची शिक्षा, आणि समोरच्यांना एक फ्री थ्रो. स्कोअरर मोबाईलमध्ये मान घालून बसलेला. चूक माझीच होती, मान्य. पण ती नेमकी कोणती, एवढं सांगायला किती वेळ लागतो हो? पोरी परतीच्या ऑटोत एक शब्द बोलल्या नाहीत.

म्हणून त्या दिवशी तुमच्याकडूनही माझी काही अपेक्षा नव्हती. त्यात तुळशीची लग्नं आटोपली की आपल्या नागपुरात लॉनवाल्यांची चांदी. शेजारच्या लॉनवर संध्याकाळपासूनच डीजे सुरू झालेला. टेबलावरचा हॉर्न वाजला तरी आमच्या बेंचपर्यंत पोचत नव्हता.

शेवटची दोन मिनिटं उरलेली. समोरच्यांनी बास्केट टाकली, मी टेबलाकडे धावले, पण तोवर आमच्या पोरीने रेषेबाहेर उभं राहून बॉल हातात घेतलाही होता. टाइमआउट मिळाला नाही. मी तुमच्याकडे बघून ओरडले. तुम्ही पळता पळता माझ्याकडे पाहिलंत, तळहात दाखवलात आणि मान हलवलीत. नाहीच म्हणालात, पण मला बघून म्हणालात. मी गप्प बसले.

मग बॉल बाहेर गेला. तुम्ही शिट्टी मारलीत, बॉल उचललात आणि थ्रो-इनला, म्हणजे बाहेरून बॉल आत टाकायला, उभ्या पोरीच्या हातात न देता कमरेशी धरून ठेवलात. टेबलाकडे पाहिलंत. डीजेच्या दणदणाटात स्कोअररने हॉर्न दाबला होता म्हणे, कोणालाच ऐकू आला नव्हता. तो बिचारा उभा राहून हातांनी टाइमआउटच्या खुणेचा टी करत होता. तुम्ही शिट्टी वाजवून आमच्या बेंचकडे बोट दाखवलंत. "मॅडम, सरांनी आपलं ऐकलं न!" आमची सर्वात बुटकी पोरगी माझा ओढणीचा पदर ओढत म्हणाली.

त्या एका मिनिटात मी काही मोठं डावपेचाचं सांगितलं असेल असं समजू नका. पाणी प्या म्हटलं, एकीची लेस बांधली. चार पॉइंटनी हरलो.

नंतर लक्षात आलं, तुम्ही पूर्ण सामनाभर तेच करत होता. दर वेळी बॉल हातात देण्याआधी एक नजर टेबलाकडे. समोरच्यांसाठीही.

निघताना मी माफी मागायला आले तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "पोरीच्या हातात बॉल गेला न मॅडम, की मग माझ्याही हातात काही राहत नाही. त्यांचा बॉल आत जायची वाट कशाला पाहता? आधीच टेबलाला सांगून ठेवा. नको वाटला तर हॉर्न वाजायच्या आत रद्द करता येतो." सहा महिने जे कोणी सांगितलं नव्हतं ते तुम्ही बुटाची लेस सोडता सोडता सांगून टाकलंत. वर पोरींना म्हणालात, "डिफेन्स चांगला आहे तुमचा." त्या परतीच्या ऑटोत हेच वाक्य किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

आता मी सामन्याआधी स्कोअररला जाऊन भेटते, त्याला मी कुठे बसणार ते दाखवते. पुढच्या स्पर्धेला तुम्ही असाल तर टेबलाकडे बघाल तेव्हा मी बाजूलाच उभी असेन, हाताचा टी करून. ओरडणार नाही. डीजे असला तरी.

तुमची,
निळ्या जर्सीवाल्या पोरींची मॅडम